बोरदऱ्याचा गोडीमीटर

पाण्याची लढाई संपली आणि बोरदऱ्यावर भल्या माणसांची धाड पडली. चार वर्षं अर्ध्या देशात नद्यांवरून गोळ्या झडत होत्या, वरचं गाव खालच्या गावाच्या मोटारी जाळत होतं आणि खालचं वरच्याचा पाट फोडत होतं, तेव्हा यातला एकही भला माणूस इकडे फिरकला नाही. नदीतह झाला, बंदुका जमा झाल्या, आणि मग मात्र पांढऱ्या गाड्यांची रीघ लागली. गाडीतून उतरायचं, शाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसायचं आणि जिचं घर जळालं त्या बाईला मान तिरकी करून विचारायचं, "कसं वाटतंय आता?" बाईनं काय सांगावं? फार छान वाटतंय, अजून एक घर असतं तर तेही दिलं असतं, असं?

या मंडळींनी आधी फलक लावले, मग कार्यशाळा घेतल्या. ऐकून घेण्याची कार्यशाळा, समंजसपणाची कार्यशाळा, क्षमेची निवासी कार्यशाळा, जेवणात गुलाबजाम. कार्यशाळेहून परत येताना बोरदऱ्याच्या आणि खालच्या नांदगव्हाणच्या पोरांनी एकमेकांची डोकी फोडली. तेव्हा वर कुणाच्या तरी लक्षात आलं, की माणसं कागदावर सही करतात आणि आत काही वेगळंच शिजत असतं. आतलं मोजायला हवं. मग यंत्र आलं.

त्याचं सरकारी नाव 'सामाजिक एकलय मापक'. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं, गोडीमीटर.

ते चालवायचं काम मोनाली झांबरेकडे होतं. अंगणवाडीसेविका असते, आशासेविका असते, तशी ती बोरदऱ्याची सलोखासेविका. आपल्याला का निवडलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा नवरा अविनाश मांजणी कालव्यावर पाटकरी होता. पाळीप्रमाणे दरवाजा उघडायचा, बंद करायचा, एवढंच त्याचं काम. लढाईच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तो दरवाज्यावरून नाहीसा झाला. नांदगव्हाणच्या लोकांनी उचलून नेला असं गाव म्हणालं, पोलिसांनी तसंच लिहून घेतलं, आणि त्या संध्याकाळी दरवाज्यापाशी दिसलेला नांदगव्हाणचा नितीन पाचंगे अपहरणाच्या गुन्ह्यात जन्मठेपेवर गेला. प्रेत काही सापडलं नाही. आता अहवालाच्या मुखपृष्ठाला याहून चांगला चेहरा कुठून मिळणार? तरुण बाई, नवरा गेलेला, हातात शांततेचं यंत्र. फोटो काढायला आलेल्या माणसानं तिला आधी जरा दुःखी दिसा म्हणून सांगितलं, आणि मग त्यातच थोडं आशावादीही दिसा म्हणाला.

मोनालीनं काम घेतलं ते स्वतःच्या हिशेबानं. दर महिन्याच्या बैठकीत नांदगव्हाणची माणसं तिनंच बांधलेले पट्टे मनगटावर घालून तिच्यासमोर बसणार होती. अविनाशला कुठे पुरलं ते त्यांच्यातल्या कुणाला तरी माहीत असणारच. तिला सलोखा नको होता. नवऱ्याची हाडं हवी होती.

सेविकांना शिकवायला जिल्हा समन्वयक सोनटक्के सर आले. सर हसरे, अंगात खादीचं जाकीट, आणि बोलताना दोन्ही हातांत अदृश्य कलिंगड धरल्यासारखे हात. पण यंत्र त्यांनी नीट समजावलं, तेवढं मान्य करायला हवं.

"भजनाला बसलेली माणसं पाहिलीत ना?" सर म्हणाले. "सगळ्यांचा श्वास एकदम चढतो, एकदम उतरतो. श्वासामागे काळजाचे ठोकेही जातात. आणि गंमत पुढे आहे. एकच गोष्ट दहा जणांना दहा वेगळ्या खोल्यांत ऐकवा. ते मन लावून ऐकत असतील, तर ज्या वाक्याला एकाचे ठोके वाढतात, त्याच वाक्याला दहाही जणांचे वाढतात. एकमेकांना न बघता! प्रयोगशाळेत हे कधीचं सिद्ध झालंय. आपण फक्त ते गावात आणलं."

पट्टा तीन गोष्टी टिपायचा. काळजाचे ठोके, श्वास आणि कातडीला सुटणारा बारीक घाम. प्रत्येक माणसाची एक रेषा सेविकेच्या हातातल्या काचेच्या पाटीवर उमटायची. किती माणसांच्या रेषा एकाच क्षणी एकाच अंगाला वळतात याचं गणित यंत्र करायचं आणि शंभरापैकी आकडा द्यायचा. साठाच्या वर आकडा गेला की गावाची गोडी सिद्ध झाली, आणि मग लढाईत उडवलेला कालव्याचा दरवाजा सरकार नवा बांधून देणार. साठाच्या खाली, तर बसा टँकरची वाट बघत.

"आता एक बारकावा," सर म्हणाले. "कुणाचं काळीज मुळातच धावतं, कुणाचं रेंगाळतं. म्हणून मोजणीआधी ज्यात कसलंही भांडण नाही असं काहीतरी वाचायचं. त्याला कोरा पाठ म्हणायचं. त्या वेळच्या रेषा यंत्र आपोआप वजा करतं, त्या कुणी बघत नाही. कोऱ्या पाठासाठी आम्ही खूप विचार करून एक गोष्ट निवडलीय. गावच्या शिवारातली शेतांची नावं! शेताच्या नावात कसलं आलंय भांडण?"

सेविका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला तर हसू आवरेना. खेड्यात भांडण दुसरं असतं तरी कुठे? चिंचेचं वावर म्हटलं की दोन भावांचा कोर्टातला खटला आठवतो, खडकी म्हटली की बांध कोरणारा शेजारी. पण पुण्यात बसून खूप विचार करणाऱ्या माणसांना हे कोण सांगणार? एकीनंही सांगितलं नाही.

पहिल्या बैठकीत बोरदऱ्याचा आकडा आला एकवीस. तो बघून शांतता समितीचे अध्यक्ष सुनीलतात्या झांबरे यांचा चेहरा पडला. तात्या अविनाशचे चुलते. लढाईत गावाच्या पाणी-दलाचे म्होरके, तहानंतर शांततेचे म्होरके. मधल्या काळात त्यांनी फक्त टोपी बदलली. पण माणूस घरी तांदळाचं पोतं टाकून जायचा, सुनेची विचारपूस करायचा, आणि मोनालीला हे काम मिळावं म्हणून शब्दही त्यांनीच टाकला होता.

तात्यांनी गोडीची तालीम सुरू केली. रोज संध्याकाळी समितीनं शाळेत जमायचं, डोळे मिटायचे आणि तात्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर श्वास घ्यायचा, सोडायचा. "सगळ्यांनी मनात एकच आरती म्हणायची," तात्या बजावायचे, "आणि कुणीही पुढं पळायचं नाही. बबन्या, तू नेहमी कडव्याआधीच संपवतोस." बबन सोसायटीचा चेअरमन होता, पण तालमीत बिचारा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. तंबाखू बंद झाली, कारण तिनं ठोके वाढतात. जे दोघे भाऊ एकमेकांच्या दारातून जात नव्हते ते मांडीला मांडी लावून श्वास सोडायला लागले आणि घरी जाताना पुन्हा दोन वेगळ्या रस्त्यांनी गेले. आकडा तीसवर आला, मग बेचाळीस, मग एकावन्न. सोनटक्के सरांनी पेढे वाटले. "बघा," ते मोनालीला म्हणाले, "माणसाचं मन बदलतं."

मोनालीला या सगळ्याची किळस यायची. पण ती गप्प राहून पट्टे बांधायची, सोडायची, आणि बैठक झाली की पाटीवरच्या नांदगव्हाणकरांच्या रेषा एकेक करून तपासायची. अविनाशचं नाव निघालं तेव्हा कुणाची रेषा उडाली? कालवा म्हटल्यावर कुणाला घाम सुटला? काही हाती लागत नव्हतं. खालची माणसं सगळ्यालाच सारखी चिडलेली असायची.

आकडा एकावन्नवर अडला तो मोनालीच्या सासूमुळे. प्रत्येक समितीवर एक पीडित प्रतिनिधी हवा असा नियम होता, आणि बोरदऱ्याची पीडित म्हणजे छायाबाई. त्या पट्टा घालून बसायच्या, पण आरती म्हणायच्या नाहीत, श्वास धरायच्या नाहीत, शपथेच्या वेळी खिडकीबाहेर बघायच्या. त्यांची रेषा सगळ्यांच्या उलट्या वाटेनं जायची.

तात्या एका सकाळी घरी आले. मोनालीनं चहा ठेवला.

"मोनाली, शेवटची मोजणी आली. मंत्री येणार," ते म्हणाले. "या खेपेला नांदगव्हाण नाही, फक्त आपलीच समिती. गावाचा आतला एकोपा बघणारेत. साठ गाठायचेत. वहिनी असेपर्यंत ते होत नाही."

"मग आत्यांना काढा समितीतून."

"काढता येत नाही ना! अविनाश कागदोपत्री बेपत्ता आहे, तोवर केस चालूच धरतात. शास्त्रात सोय आहे. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात. तो विधी केला, मृत्यूचा दाखला काढला, की केस मिटली आणि वहिनी मोकळ्या. तू समजाव. सगळ्या गावाच्या पाण्याचा प्रश्न आहे."

मोनालीनं समजावलं. कशी बुद्धी झाली कुणास ठाऊक, पण समजावलं. तिलाही टँकरच्या रांगेचा वीट आला होता, आणि पाच वर्षं 'बेपत्ता' या शब्दासोबत राहून ती थकून गेली होती. गुरुजी येऊन दर्भाची पेंढी ओट्यावर ठेवून गेले. छायाबाईंनी ती उचलली आणि शेळीपुढे टाकली.

"गवत जाळून माझा पोरगा मेला म्हणू?" त्या म्हणाल्या. "तो मेलाय ते मला कळतंय. कुठं मेलाय ते सांगा, मग मी सगळं करते. शेण सारवीन, डोकं भादरीन म्हणाल तर तेबी करीन. पण गवताला माझं पोर म्हणायचं न्हाई."

"आत्या, पाणी अडलंय हो सगळ्यांचं."

"तू बी त्यांच्यातलीच झालीस व्हय?" छायाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. दोघी एकाच चुलीवर वेगवेगळा स्वयंपाक करायला लागल्या. मोनालीला ते फार लागलं. तिचं दुसरं माणूस उरलंच नव्हतं कुणी.

नांदगव्हाणची सलोखासेविका सारिका पाचंगे ही जन्मठेपेवर गेलेल्या नितीनची सख्खी बहीण. दोघींची गाठ दर महिन्याला तालुक्याला पडायची, पट्ट्यांच्या बॅटऱ्या भरून घ्यायला. दोघी एका बाकावर बसायच्या, पण मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. त्या दिवशी मात्र सारिका सरकून जवळ आली.

"तू आमच्याच लोकांच्या रेषा बघतेस ना?" तिनं विचारलं. "पाटीवर कळतं मला, कुणी कुणाच्या रेषा उघडल्या ते."

"मग? तुझ्या भावानं नाही सांगितलं, तर मी दुसरीकडे शोधणारच."

"नितीन पाणी मागायला गेला होता दरवाज्यावर. अविनाशभाऊंनी ते सोडलं. त्या रात्री आमच्या गावात घागरी भरल्या गं, सगळ्यांना माहीत आहे. कोर्टात कुणी ऐकलं नाही." सारिकाचा आवाज चढला आणि तिनं तो खाली आणला. "आमच्या रेषा खुशाल बघ. पण एकदा तुमच्या गावाच्याही बघ. कोऱ्या पाठातल्या बघ."

"त्यात काय आहे?"

"मी सांगितलं तर म्हणशील भावासाठी सांगते. तूच बघ."

मोनाली फणकाऱ्यानंच घरी आली. पाटी उघडली ती सारिकाला खोटं पाडायला. पाटीनं टिपून ठेवलेल्या कोऱ्या पाठात शेतांची नावं ती स्वतःच्याच आवाजात वाचत होती: चिंचेचं वावर, खडकी, गायवाट, जांभूळपट्टी, तवली, शेंदरी. चिंचेच्या वावराला ते दोघे भाऊ उडाले, ते ठीकच होतं. खडकीला बबन उडाला. आणि तवलीला तात्या, बबन, दोघे भाऊ, माजी सरपंच, पोलीस पाटील, दूध डेअरीवाला, अख्खी समिती एकदम उडाली. सगळ्यांचा श्वास एकाच क्षणी अडकला, घाम एकाच क्षणी सुटला, आणि 'शेंदरी' वाचलं की सगळे एकदम खाली आले. नांदगव्हाणकर सपाट होते. छायाबाई सपाट होत्या. तिनं मागची बैठक उघडली, तिच्या मागची उघडली. प्रत्येक बैठकीत तेच होतं. तालीम करून करून, पोटात आरत्या घोळवून जो एकोपा समितीला जमत नव्हता, तो तवली या एका शब्दावर दर महिन्याला आपोआप जमत होता, आणि यंत्र दर महिन्याला इमानेइतबारे तो वजा करून फेकून देत होतं.

तवली म्हणजे कालव्याखालचा खोलगट तुकडा, तात्यांच्या मालकीचा. लढाईच्या तिसऱ्या उन्हाळ्यापासून तो पडीक होता. जमीन पाणी साचून चिबड झाली म्हणून तात्या पेरत नाहीत, असं गाव म्हणायचं. ज्या गावात प्यायला पाणी नाही त्या गावातली जमीन चिबड झाली, आणि हे तिनं पाच वर्षं खरं मानलं होतं! मोनालीला स्वतःचीच लाज वाटली. नांदगव्हाणच्या माणसांकडे ती महिनोन् महिने खुनी म्हणून बघत आली, आणि खऱ्या खुन्यांचे पट्टे स्वतःच्या हातांनी, घट्ट होत नाही ना असं विचारून, बांधत आली. मग ती रडली, आणि रडून झाल्यावर सोनटक्के सरांकडे गेली.

सरांनी रेषा पाहिल्या. माणूस मूर्ख नव्हता. त्याला कळलं, आणि कळताच त्याच्या हातांतलं कलिंगड खाली पडलं.

"हे कोऱ्या पाठातलं आहे, मोनालीताई. हा डेटा आपण वापरत नाही."

"वापरू नका. पोलिसांना द्या. तवली खणायला सांगा."

"काय म्हणून सांगू? एका शब्दाला काही लोकांना घाम आला म्हणून? आणि आता? मंत्री यायच्या तोंडावर? बोरदरा हे आपलं नमुना गाव आहे. परदेशातून पाहुणे येऊन गेलेत." मग त्यांनी आवाज मऊ केला. "तुमचं दुःख मी समजू शकतो. पण आपल्या प्रकल्पात सत्य हा निर्देशक नाहीच. सलोखा आहे. सत्याचा प्रकल्प वेगळा होता, त्याचा निधी संपला."

मोनाली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. हा माणूस हे वाक्य लाज न वाटता बोलला, आणि वर तिला पाण्याचा ग्लासही पुढे केला.

"एक नितीन पाचंगे तुरुंगात आहे, सर."

"त्याच्यासाठी कायदेशीर मार्ग आहेत. आणि विचार करा, हे उकरलं तर दरवाजा गेला. गाव तुम्हाला जगू देईल? तुमच्या सासूबाईंना तरी पाणी मिळायला नको?"

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच ते तिच्या काळजात रुतलं. बोरदऱ्यात लेकरं होती, म्हाताऱ्या होत्या, त्यांनी काही केलं नव्हतं. दरवाजा गेला तर तीही तहानेनं मरणार. गप्प बसावं, तर अविनाश तवलीत, नितीन तुरुंगात, आणि ती जन्मभर मारेकऱ्यांना पट्टे बांधत राहणार. बसमध्ये तिनं हे उलटसुलट घोळवलं. मग तिला यंत्राची एक साधी गोष्ट सुचली आणि ती खिडकीशी एकटीच हसली. शेजारची बाई जरा सरकून बसली.

मोजणीच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. राज्यमंत्री आले, हार झाले, स्वागतगीत झालं. एका वक्त्यानं बोरदऱ्याची तुलना युरोपातल्या कुठल्याशा शहराशी केली. नांदगव्हाणची मंडळी पाहुणे म्हणून एका बाजूला बसली होती, सारिका पहिल्या रांगेत. व्यासपीठावर समिती अर्धगोलात, मनगटावर पट्टे, आणि कडेच्या खुर्चीवर छायाबाई. मागे भला मोठा पडदा, त्यावर आकडा दिसणार होता. सोनटक्के सर मोनालीजवळ येऊन कुजबुजले, "आधी कोरा पाठ, मग शपथ. नेहमीसारखं."

"हो सर," मोनाली म्हणाली.

तिनं क्रम उलटा केला, बास. कोऱ्या पाठाचं बटण दाबून तिनं सलोख्याची शपथ वाचली. समितीनं पोटात आरती म्हणत अगदी मन लावून श्वास जुळवले, आणि यंत्रानं ती सगळी मेहनत नेहमीच्या शिस्तीत वजा करून टाकली. मग तिनं मोजणीचं बटण दाबलं आणि शेतांची नावं घ्यायला सुरुवात केली.

"चिंचेचं वावर. खडकी. गायवाट."

पडद्यावर चौदा आला. मंत्र्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. सोनटक्के सर तिला हातानं थांब, थांब करत होते.

"तवली," मोनाली म्हणाली.

आकडा अठ्ठावन्नवर गेला. ती थांबली. मांडवात पंखे फिरत होते. तिनं पुन्हा म्हटलं, "तवली." एकाहत्तर. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांच्याकडे बघून बबनला कळलं, बबनकडे बघून पोलीस पाटलाला. "तात्यांची तवली. कालव्याखालची," मोनाली म्हणाली. "जी पाच वर्षं पडीक आहे ती." चौऱ्याऐंशी!

मांडवात टाळ्या पडल्या. मंत्री उभे राहिले. निवेदकानं माइक हिसकावून घेतला, "राज्यातला आजवरचा सर्वोच्च आकडा! बोरदरा!" ढोलवाल्यांना वाटलं झालं, त्यांनी ढोल बडवायला घेतले. सोनटक्के सरांना हसावं की पळावं ते कळेना, म्हणून ते टाळ्या वाजवायला लागले.

छायाबाईंनी आकड्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी उभा जन्म या माणसांत काढला होता. त्या अर्धगोलातले चेहरे एकामागून एक बघत गेल्या आणि तात्यांवर येऊन थांबल्या.

"तवलीत?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी पट्टा बांधलेलं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. छायाबाईंनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि खुर्चीवर ठेवला. त्यांची उलटी रेषा गणितातून गेली, आकडा त्र्याण्णववर चढला, आणि मंत्र्यांनी दुप्पट जोरानं टाळ्या वाजवल्या. छायाबाई व्यासपीठावरून उतरल्या, वृक्षारोपणासाठी आणून ठेवलेली नवी कुदळ त्यांनी उचलली आणि मांडवाबाहेर चालू लागल्या. सारिका उठून त्यांच्यामागे गेली. मग नांदगव्हाणच्या बाया उठल्या, आणि थोड्या वेळानं, खाली बघत, बोरदऱ्याच्याही काही उठल्या. मंत्र्यांच्या बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराला वाटलं पाहुणे झाड लावायला निघाले, म्हणून तोही दोन शिपाई घेऊन मागे गेला.

तवलीत एका जागी माती खचलेली होती, तिथंच खणलं. अविनाश फार खोल नव्हता. माणसांनी घाईत पुरलं होतं. पाटकऱ्याचा खाकी शर्ट मातीच्या रंगाचा झाला होता, खिशावरचा पितळी बिल्ला तेवढा ओळखू येत होता. छायाबाई त्याच्याशेजारी मातीत बसल्या आणि त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं गळा काढला. मोनाली त्यांच्याजवळ गेली, तेव्हा त्यांनी तिला हात धरून खाली ओढलं आणि कुशीत घेतलं. सारिका बांधावर उभी राहून रडत होती, आणि फौजदाराला एकच वाक्य परत परत सांगत होती, माझा भाऊ सोडा, साहेब, माझा भाऊ.

फौजदारानं शिपाई पाठवून समितीला मांडवातच बसवून ठेवलं होतं. मोनाली परत आली तेव्हा मंत्र्यांची गाडी निघून गेली होती आणि ढोलवाले बिदागी कुणाकडे मागायची म्हणून घुटमळत होते. समिती अजून अर्धगोलातच होती, पट्टे घातलेली.

"मोनाली," तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गाव तहानेनं मरत होतं गं. अन् यानं खालच्यांना पाणी सोडलं. सगळ्यांच्या डोक्यात राख गेली. कुणा एकट्याचं काम नव्हतं ते. सगळ्यांनी मिळून केलं."

"तेच यंत्र म्हणतंय, तात्या."

तात्यांनी हळूच सोनटक्के सरांकडे पाहिलं, पडद्यावरच्या त्र्याण्णवकडे पाहिलं, आणि खाली वाकून विचारलं, "अन् दरवाज्याचं काय? तो रद्द करतील का गं?"

सोनटक्के सरांनी घसा खाकरला. "नियमात फक्त आकडा आहे," ते म्हणाले. "आकडा कशावरून आला, तो रकाना नाही. आणि मंत्र्यांनी सर्वांसमोर जाहीर केलंय."

"म्हणजे मिळेल?" तात्यांचा चेहरा उजळला. पुतण्याची हाडं शिवारात उघडी पडली होती, आणि या माणसाचा चेहरा उजळला!

"मिळेल, तात्या," मोनाली म्हणाली. "वर तुम्हाला मिळेल आणि खाली नांदगव्हाणला मिळेल. अविनाशनं सोडलं होतं तेवढंच." तिनं हात पुढे केला. "मनगट द्या इकडे. पट्टा काढून घेते, सरकारी आहे."